आमच्या घरावरची कादंबरी

आई गेली त्याला दोन महिने झाले होते आणि मला अजून रडू आलं नव्हतं. लोक भेटायला येत, मी चहा करी, ते रडत, मी कप विसळी. त्यातच पुण्याहून एका प्रकाशकाचा फोन आला. म्हणाले, "तुमच्या घरावर एक विनोदी कादंबरी आहे, माहीत आहे ना? विसरली गेली बिचारी. आम्ही ती पुन्हा काढतोय. तुम्ही चार पानं लिहाल का आठवणींची? हलकंफुलकं काहीतरी."

हलकंफुलकं, म्हणे! माहीत नसायला काय झालं? वडिलांचा सातपूरच्या कारखान्यातला एक मित्र दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. आईच्या हातची आमटी ओरपून त्यानं आमच्यावरच पुस्तक लिहिलं. विषय आयताच होता. वडिलांचं पहिलं लग्न मोडलेलं, रीतसर काडीमोड झालेला. मग माझ्या आईशी लग्न. त्याला दोन वर्षं होत नाहीत तोच पहिली बायको सटाण्याहून ट्रंक घेऊन दारात हजर. ती आली ती राहिलीच. पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून ब्लाउज शिवू लागली. मी तिला मोठी आई म्हणायचे, म्हणजे म्हणावं लागायचं. पुस्तक निघाल्यावर वडिलांनी मित्राला पुन्हा दारात उभं केलं नाही, पुस्तकही घरात येऊ दिलं नाही. फार कुणी वाचलंही नाही म्हणा.

पण ज्यांनी वाचलं त्यांच्या मुली नेमक्या माझ्या कॉलेजात होत्या. नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. "तुमच्याकडे कुकर दोन लागतात का गं?" असं विचारायच्या. मी त्यांच्यासोबत हसायचे आणि घरी येऊन मोठ्या आईवर राग काढायचे. तिनं माझ्यासाठी शिवलेला ड्रेस मी एकदाही घातला नाही. माझा हिशेब सरळ होता. माझ्या गरीब आईच्या डोक्यावर सवत आणून बसवली आणि तिनं मुकाट सोसलं. एकदा मी आईला विचारलंही, "तू हिला घरात घेतलीसच कशी?" आई म्हणाली, "ती मेथी निवड आधी."

पुढे माझं लग्न झालं, वडील गेले, त्या दोघीच त्या घरात राहिल्या. आता आईही गेली होती. मोठ्या आईनं तिथं राहायचं मला काही कारण दिसेना. मी सटाण्याला तिच्या भाच्याला फोन केला. माणूस भला. म्हणाला, "आत्या आमचीच आहे, रविवारी गाडी घेऊन येतो." तिला सांगितलं तर ती नुसतं "बरं" म्हणाली. मला काहीही वाटलं नाही, वाईटही नाही.

शनिवारी प्रकाशकांकडून कादंबरीची झेरॉक्स आली. सोबत चिठ्ठी: 'आम्हाला एकच प्रत मिळाली, तुमच्या नाशिकच्याच एका वाचनालयानं बाद केलेली. कुणा वाचकानं कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, ते झेरॉक्समध्ये उतरलंय. क्षमस्व.'

अक्षर आईचं होतं. दर गुरुवारी ती वाचनालयात जायची. मला वाटायचं, मासिकं आणते.

कादंबरीतली बायको पोळ्या करपवते, तिथं कडेला लिहिलेलं: 'खोटं. माझी पोळी कधी करपली नाही.' दोन्ही बायका लाटणं घेऊन नवऱ्याच्या मागे धावतात, तिथं: 'लाटणं नव्हतं, झारा होता. आणि आम्ही हसत होतो.' मी पानं उलटत गेले. मग तो प्रसंग आला. पहिली बायको दारात उभी राहते, नवरा न्हाणीघरात लपतो, दुसरी बेशुद्ध पडते. खाली आईनं लिहिलं होतं: 'मी बेशुद्ध बिशुद्ध काही पडले नाही. मीच पत्र घालून बोलावलं होतं तिला.'

मी ती ओळ दोन-तीनदा वाचली आणि जाऊन कुकर लावला.

रविवारी सकाळी आईच्या घरी गेले तेव्हा मोठ्या आईनं मशीन चादरीत गुंडाळून ठेवलं होतं. मी दारातूनच विचारलं, "आईनं तुम्हाला बोलावलं होतं?"

"हो मग," ती म्हणाली. "तू पोटात होतीस. ह्यांच्या कारखान्यात पाळ्या, तिला माहेर नाही, शेजारी कुणी बोलेना. ह्यांच्या कागदांत माझा पत्ता सापडला तिला. लिहिलं होतं, मला भीती वाटते, याल का? माझा राग ह्यांच्यावर होता, तिच्यावर कशाला? तू झालीस तेव्हा तुझी शेक-शेगडी मीच केली."

"मग मला कधी सांगितलं का नाही?"

"तू ऐकणार होतीस? ती म्हणायची, चिडू दे, होईल शांत."

खाली भाच्यानं हॉर्न वाजवला. वर येऊन त्यानं मशीन उचललं, मग बॅग उचलली. मी तिच्या मागोमाग जिना उतरले. ती गाडीत बसल्यावर मी दाराला हात लावून म्हटलं, "राहा ना."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. रागावली नव्हती.

"तिला मी हवी होते, माय," ती म्हणाली. "तुला वाईट वाटतंय, एवढंच आहे."

भाच्यानं पलीकडून गाडी सुरू केली आणि मी हात काढून घेतला. मला खरंच वाईट वाटत होतं. एवढंच होतं.