मर्डोच्या मळक्या काचा

सोन्यासाठी दूर उत्तरेतल्या डॉसन गावी आलेले लोक कधीच पांगले होते. उरले ते थोरासारखे, ज्यांची परत गेल्यावर वाट बघणारं कुणी नव्हतं. नाहीतर मर्डोसारखे, ज्यांना जायचाच कंटाळा होता. थोरा लोकांचे कपडे धुऊन पोट भरायची आणि लख्ख घासलेल्या काचघरात टोमॅटो पिकवायची. नवी काच आगबोटीनं यायची आणि परवडायची नाही. तेव्हा फोटो काचेवर उतरवत, म्हणून गावातली बहुतेक काचघरं जुन्या फोटोवाल्यांनी मागे टाकलेल्या काचांची होती. राखेचं कडक पाणी लावून ब्रश मारला की काचेवरची माणसं, तंबू, होड्या निघून जायच्या आणि काकड्यांना ऊन मिळायचं. त्यात कुणालाच वावगं वाटत नसे.

शेजारच्या मर्डोनं मात्र उत्तरेकडच्या चार काचा कधी घासल्याच नव्हत्या.

"अरे, चार काचांनी तुझे हात झिजतात का?" थोरा विचारायची.

"उत्तरेला ऊन येतं कुठे, बाई?"

"जूनमध्ये सूर्य गावाला चक्कर मारतो, विसरलास? तुझ्या काकड्या बघ, बोटाएवढ्या!"

"गोड असतात."

तिचा जीव होता त्याच्यावर, पण हे ती मेली तरी कबूल करणार नव्हती.

त्या जूनमध्ये तिचा धीर सुटला. बादली आणि ब्रश घेऊन ती स्वतःच त्याच्या काचघरात शिरली. तीन काचा चकाचक केल्या, चौथी अर्धी झाली आणि मर्डोनं चहाला हाक मारली.

खोपटात शिरताच तिला भिंतीवर नकाशा दिसला. एरवी त्यावर मर्डोचे हिवाळी कोट टांगलेले असत. आज ते बाहेर उन्हात पडले होते. सोन्यासाठी सगळे ज्या वाटेनं आले, त्या डोंगरखिंडीपासून डॉसनपर्यंतच्या वाटेवर लाल ठिपके होते आणि प्रत्येकाशेजारी तिथल्या फोटोंच्या पेटीचा आकडा. खाली सही होती हॅस्केलची.

हॅस्केल फोटोवाला. डॉसनला येताना थोरा आणि तिचा नवरा ओलोफ वाटेतल्या बेनेट सरोवराकाठी होडी बांधत होते, तेव्हा त्यानं दोघांना उभं करून फोटो काढला होता. "डॉसनला आलात की घेऊन जा," म्हणाला होता. डॉसनला पोचल्यावर थोड्याच दिवसांत ओलोफ टायफॉईडनं गेला. थोरा फोटो मागायला गेली तर हॅस्केल म्हणाला, बेनेटची पेटी सापडत नाही, बहुतेक नदीत गेली. ओलोफचा दुसरा फोटो तिच्याकडे नव्हता. अलीकडे त्याचा चेहरा आठवायला बसली की नाक नीट आठवायचं, डोळे निसटायचे.

बेनेटच्या ठिपक्याशेजारी नऊ लिहिलं होतं. चुलीजवळ मर्डोची सरपणाची पेटी होती, आणि तिच्यावरही लाल रंगात नऊ.

"मर्डो, ही पेटी कुठली?"

"हॅस्केलच्या सामानाच्या लिलावातली, अडगळीत सापडलेली. नकाशा वर फुकट मिळाला. आत चारच काचा धड होत्या, त्या मी..." तो बोलता बोलता थांबला. "त्या उत्तरेला लावल्या."

थोरा पळतच काचघरात गेली. तिनं घासलेल्या तीन काचांतून बाहेरचे बटाट्याचे वाफे स्वच्छ दिसत होते. चौथीकडे बघायची तिची छाती होईना. ती पाठ फिरवून उभी राहिली.

मर्डोनं उन्हातला काळा कोट उचलला आणि बाहेरून त्या काचेमागे धरला, म्हणजे काळ्याचं पांढरं झालेलं काचेवरचं उलटं चित्र सुलटं दिसतं.

"बघ बाई, कोण आहे? मला इकडून दिसत नाही."

थोरा वळली. उंच माणूस, टोपी एका कानावर ओढलेली. ओलोफच्या डोक्यावर टोपी कधी सरळ बसलीच नव्हती. आणि डोळे! असे बारीक होते, हसू दाबल्यासारखे. हे कसं विसरले मी, असं म्हणत ती ढसाढसा रडली.

ओलोफच्या दंडावर एक हात होता. मनगटापर्यंत. त्यापुढे नुसती स्वच्छ काच.

मर्डो आत येऊन तिच्या मागे उभा राहिला.

"तूही होतीस ना यात?"

"मला काय," थोरा डोळे पुसत म्हणाली, "मी आरशात दिसते."

"काढून देतो काच. घेऊन जा घरी."

"नको. काढताना फुटेल. असू दे इथेच, मी येत जाईन." मग तिनं बादली उचलली आणि नेहमीच्या आवाजात दरडावलं, "आणि खबरदार, ही काच कधी घासलीस तर!"

"मी?" मर्डो म्हणाला.

ती रडता रडता हसली.