उसन्या नाकाचे मास्तर

आमच्या शेजारच्या रसायनाच्या मास्तरांनी ज्याच्या नाकाखाली कधीच कापसाचा बोळा धरला नाही, असा माणूस त्या काळच्या पालघरात एकतर नुकता जन्मलेला असे, नाहीतर नुकता वारलेला. पोस्टमन पत्र देऊन वळला की मास्तर त्याला हाक मारत, "अहो, जरा हुंगा आणि काय आठवतं ते सांगा." माझ्या बहिणीला पाहायला माकुणसारहून मंडळी आली, तेव्हा त्यांनाही चहाच्या आधी तीन बोळे हुंगावे लागले. मुलाच्या आत्याला ठसका लागला. मंडळी पुन्हा काही आली नाहीत. मास्तरांनी मात्र वहीत लिहून ठेवलं, 'तिसरा नमुना फारच तिखट.'

ही उसनवारी करावी लागे, कारण त्यांचं स्वतःचं नाक कामातून गेलं होतं. शाळा सुटली की मास्तर मागच्या पडवीत काचेची भांडी मांडून बसत. तिथे अ‍ॅलिल ब्रोमाइड नावाचा एक द्रव असे. त्याच्या नुसत्या वाफेने डोळ्यांतून धारा लागत. बारा वर्षं ती वाफ घेऊन मास्तरांचं नाक बधिर झालं होतं. एकदा माझ्याशी गंधशास्त्रावर बोलता बोलता त्यांच्या पाठीमागे शेगडीवरचं दूध जळून कोळसा झालं, तरी त्यांना पत्ता नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर तीन कर्बांचं एक चिमुकलं शेपूट एका षट्कोनी रेणूला नेमक्या जागी जोडण्यासाठी. त्या शेपटाला अ‍ॅलिल म्हणतात. ते रेणूवर बरोबर समोरच्या जागी बसलं, की लवंगेच्या तेलातला मुख्य अर्क तयार. पण तापवलं की ते हटकून शेजारच्या जागी बसे. "पंगतीत समोर पाट मांडून ठेवावा, तर हा गाढव यजमानाच्या मांडीला मांडी लावून बसतो!" मास्तर चिडून म्हणत. त्याला फक्त समोरच कसं बसवायचं, यावर त्यांचा प्रबंध होता. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी डॉक्टर व्हायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. मुंबईचे त्यांचे मार्गदर्शक त्या मार्चअखेर निवृत्त होणार होते. त्यांनी कळवलं होतं, नमुना एकदाच तपासता येईल, खात्री असेल तरच पाठवा. आणि पालघरात खात्री करायला नाकाशिवाय दुसरं उपकरण नव्हतं.

माघातल्या एका सकाळी मास्तर हातात छोटी बाटली आणि तिच्यात भिजवलेला बोळा घेऊन माझ्या ओट्यावर आले. बोट भाजलेलं, सदऱ्याची गुंडी चुकलेली. "हुंगा. आणि नसेल तर स्पष्ट सांगा. अजून सहा आठवडे हातात आहेत, पुन्हा करतो."

मी हुंगलं. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडाला नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

"अगदी लवंग!" मी म्हणालो.

मास्तर वही आणायला धावत आपल्या घरात गेले. तेवढ्यात सातपाटीची मासेवाली बाय टोपली उतरवून ओट्याशी बसली. तिने आपणहून बोळा उचलला, नाकाशी नेला आणि मान हलवली. "भाऊ, यो लवंग नाय. लवंगेच्या गावचा हाय, पन लवंग नाय."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"रोज मसाला वाटते मी. मना नाय कलनार तं कोनाला कलल?"

मास्तरांची पावलं ऐकू आली, तसं मी तिला खुणेने गप्प केलं. तिने माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि टोपली उचलून ती निघून गेली. मास्तरांनी वहीत माझं नाव, तारीख आणि 'अगदी लवंग' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

मुंबईहून उत्तर आलं ते दोन ओळींचं. अ‍ॅलिल शेजारच्याच जागी आहे, खेद वाटतो. मास्तरांनी ते ओट्यावर उभ्याने वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मग माझा चेहरा पाहून मलाच समजावू लागले, "तुमच्या नाकाला मी दोष देत नाही हं. हे दोन्ही वास फार जवळचे असतात. भल्याभल्यांना कळत नाहीत."

त्यानंतर त्यांनी कुणाच्याच नाकाखाली बोळा धरला नाही. पोस्टमन आपणहून थांबायचा, मास्तर नुसतं हसून पत्र घ्यायचे. तारापूरला अणुविजेचं काम सुरू झालं, बोईसरला वस्ती वाढली, तिथे नव्या शाळेत ते गेले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. मी त्यांना भेटायला दोनदा गेलो होतो, खरं सांगायचंच असं ठरवून. दोन्ही वेळा त्यांनी इतक्या आनंदाने चहा केला, की मी तसाच परत आलो. याची मला आजही लाज वाटते.

घर सोडताना ती बाटली त्यांनी मला दिली होती. "ठेवा आठवण. दाढदुखीला मात्र लावू नका," म्हणाले होते. कधीतरी मी बूच काढतो. पहिल्याच श्वासाला कळतं, ही लवंग नाही. त्या सकाळीही पहिल्याच श्वासाला कळलं होतं.