ढोबळेकाकांनी न खोडलेलं संत्रं

तुळशीराम ढोबळे गेल्याची बातमी मला कचेरीत दुपारच्या डब्याच्या वेळी कळली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वर्तमानपत्र पुढे केलं आणि म्हणाल्या, "हे ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणारे तुमच्या ओळखीचे होते ना?" फोटो जुना होता, काळ्या टोपीतला. मी हो म्हटलं आणि डबा तसाच बंद केला. आता दीड महिना झाला, खरं सांगायला हरकत नाही. पहिल्या क्षणी मला दुःख झालंच नाही, सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, आता ते मला कधीच विचारणार नाहीत... मग स्वतःची लाज वाटली आणि त्यानंतर रडू आलं. अगदी याच क्रमानं.

आम्ही सक्करदऱ्याला राहायचो तेव्हा त्यांचं घर आमच्यापासून चौथं. काका मूळचे सावनेरकडच्या शेतकरी घरातले. धाकटा भाऊ शेती बघायचा आणि हे नागपुरात जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचे. नकाशातल्या रेघा अशा देखण्या की बघत राहावं, अक्षर मात्र कोंबडीच्या पायांचं. छापखान्यानं एकदा हस्तलिखित साभार परत केलं, तेव्हापासून कुणाकडून तरी सुवाच्य प्रत करून घ्यायचा रिवाज पडला. आधी एक निवृत्त मास्तर हे काम करायचे. त्यांनी एके ठिकाणी "निघाला" खोडून "प्रस्थान केले" असं घातलं. काकांनी मास्तरांना नमस्कार केला, चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवसापासून बोलावणं बंद. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. मी कॉलेजात होते आणि अक्षराबद्दल थोडी मिजासही होती. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "जसं हाये तसं लिहिजो, शकू. चूक दिसली तं चूकबी लिहिजो. माह्या पानावर दुसऱ्याचा हात नको." एवढं एकच वाक्य पुढे वीस वर्षं माझ्या मानगुटीवर बसणार आहे हे तेव्हा काय ठाऊक!

माणूस मोठा गमतीचा होता. लिहायचा ती भाषा दरबारी, झुली पांघरलेली, आणि त्याच तोंडानं काकूला हाक मारायचा, "काहून वं, पाटवडीच्या रश्श्यात आज तिखट नाही टाकलं का?" खाण्याचे चोचले फार. पाटवडीचा रस्सा, कोथिंबिरीची सांबारवडी आणि थंडीत तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी असली की स्वारी खूश. बटाट्यावर मात्र उभा दावा. म्हणायचे, "भोसल्यांच्या वेळी तो या मुलखात नव्हता, मंग मी काहून खाऊ?" चहा तर त्या वेळी मुळीच नव्हता, पण तो सोडवत नव्हता. त्यावर त्यांनी तोड काढली होती. चहाची कपबशी आली की आधी लिहीत असलेल्या पानांवर एक धुवट पंचा झाकायचा, मग चहा प्यायचा, मिशी पुसायची आणि पंचा काढायचा. मी हसले की गंभीरपणे सांगायचे, "आपल्या पानावरल्या माणसायले चा माईत नाही. उगाच त्यायले काहून दाखवा?" लिहायच्या खोलीत घड्याळ नव्हतं, कारण घड्याळ दिसलं की घटकेच्या जागी तास लिहिला जातो. वीरश्रीच्या लंब्याचवड्या भाषणांचा त्यांना कंटाळा. तलवारीचं वर्णन चार ओळींत उरकायचे आणि घोड्याच्या चाऱ्याला दोन पानं द्यायचे. घोडा काय खातो हे ज्याला माहीत नाही त्यानं लढाई लिहू नये, हे त्यांचं म्हणणं. रविवारी सकाळी सक्करदऱ्याच्या तलावाच्या काठानं पावलं मोजत चालायचे. हजार घोड्यांना पाणी पाजायला किती काठ लागेल, याचा तो अंदाज असायचा. येणारे-जाणारे त्यांना सर्कल समजायचे... सर्कल म्हणजे आमच्याकडे डोक्यानं थोडा सैल.

गुण म्हणा की खोड म्हणा, आणखी एक होती. लिहिलेलं ते पुन्हा लिहीत नसत. कच्ची प्रत, पक्की प्रत असला प्रकार नाही. एकदा उतरलं ते उतरलं. "लिहून झालं का मी इसरतो," असं अभिमानानं सांगायचे. म्हणजे माझ्याकडे जे पान यायचं ते जगातलं एकुलतं एक पान.

असं एक पान मी घालवलं. मे महिना होता. त्या काळी कूलर कुठे घरोघरी! आम्ही खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी मारायचो आणि समोर पंखा ठेवायचो. मी जेवायला उठले, परत येऊन बघते तो वरचं पान उडून त्या ओल्या पडद्याला जाऊन चिकटलेलं. सोडवलं तेव्हा हातात निळं धिरडं आलं. शाई सगळी वाहून गेली होती. प्रसंग मला आठवत होता. भोसल्यांचं सैन्य बंगालच्या स्वारीवर गेलेलं, शिमग्याच्या सुमारास एका शिलेदाराच्या घरी तो पडल्याची खबर येते, आणि त्याची बायको बोरांनी भरलेलं सूप हातातून टाकून हंबरडा फोडते. वाक्यं मात्र एकही आठवेना. काकांकडे जाऊन सांगायचं होतं, दुसरं काय! चार घरांचं तर अंतर. पण डोळ्यांपुढे मास्तर आले, आणि नमस्कार आणि तो शेवटचा चहा.

मग मी बसले आणि ते पान लिहिलं. हंबरडा काही मला लिहिता येईना. मला आठवली माझी आत्या. तिचे यजमान अपघातात गेल्याची तार आली तेव्हा ती आपल्या लहान मुलीसाठी संत्रं सोलत होती. बाबांनी तार वाचून दाखवली तरी तिचे हात थांबले नाहीत. एकेक फोड वेगळी केली, तिच्यावरचे पांढरे दोरे काढले, बिया काढल्या, बशीत ओळीनं मांडल्या. शेवटची फोड झाल्यावर तिनं विचारलं, "कोणाची तार म्हणालास?" ते मी जसंच्या तसं शिलेदाराच्या बायकोला देऊन टाकलं. अर्ध्या तासात पान पुरं झालं. नागपूरच्या मुलीच्या हातात संत्रंच येणार, त्यात तिला वावगं काय दिसणार? संत्रं नागपुरात आलं ते त्या स्वाऱ्यांच्या कितीतरी नंतर, हे मला कुठे माहीत! आम्हाला वाटायचं, नागपूर आहे तेव्हापासून संत्रं आहेच.

प्रुफं काकांनी स्वतः वाचली. मी जीव मुठीत धरून होते. एक खूणही न करता त्यांनी ते पान छापखान्याला धाडलं. म्हणजे खरंच विसरतात, असं मी ठरवलं. पुस्तक आलं, गाजलं, आणि परीक्षणं लिहिणाऱ्यांनी नेमकं तेच पान उचलून धरलं. मला आनंद व्हायचा सोडून भीतीच वाटायची. त्यात पुण्याच्या एका वाचकाचं पत्र छापून आलं. त्या काळी नागपुरात संत्रं नव्हतं, नागपूरच्याच ऐतिहासिक कादंबरीकाराला एवढंही ठाऊक नसावं का, असा सूर. बटाटा न खाणाऱ्या माणसाला असं लिहिलेलं! पुढच्या आठवड्यात काकांचं दोन ओळींचं उत्तर आलं. "चूक माझी आहे. दाखवून दिल्याबद्दल आभार." एका सत्कारात तर सूत्रसंचालकांनी थट्टेनं त्यांच्या हातात नारळाऐवजी संत्रं ठेवलं. सभागृह हसलं, काकाही हसले. तिसऱ्या रांगेत बसलेली मी जमिनीकडे बघत होते.

त्यानंतर एकदा प्रत द्यायला गेले तेव्हा काकांनी सहज विचारलं, "काय वं शकू, बाईले वाईट बातमी आली तं ती काय करते?" मी हातातली पानं सारखी केली. म्हटलं, "रडते." काका "बरं" म्हणाले, पानांवर पंचा झाकला आणि चहा प्यायले. वर्षभरानं दुसरी आवृत्ती निघाली, आणि संत्रं त्या पानावर तसंच! लोक म्हणाले, ढोबळे हट्टी आहेत. मला वाटलं, हे मला डिवचण्यासाठीच आहे. पुढे माझं लग्न झालं, नोकरी लागली, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. नोकरीचं निमित्त सांगून प्रती करणं सोडलं. दिवाळी-संक्रांतीला जायचे, तेही केळी घेऊन. भर मोसमात, संत्र्याच्या गावात, त्या घरी संत्री न्यायची माझी छाती झाली नाही. दरवेळी वाटायचं, आज सांगू... आणि दरवेळी चहा पिऊन परत यायचे.

काका गेल्यावर तेरावा उलटला तेव्हा मी गेले. काकू लिहायच्या खोलीतच बसल्या होत्या. मेजावर अर्धवट राहिलेल्या कादंबरीची पानं तशीच होती. माझ्या हातातली पिशवी बघून काकू म्हणाल्या, "आजबी केळीच आणली का वं?" एवढंच निमित्त झालं. मी खाली बसले आणि वीस वर्षांचं सगळं एका दमात ओकून टाकलं. वाळ्याचा पडदा, पान, आत्या, सगळं. म्हटलं, "काकू, ते पान माझं होतं. त्यांनी माझ्यापायी लोकांचं हसू सोसलं."

काकूंनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. मग म्हणाल्या, "मले माईत हाये. त्यायलेबी माईत होतं. प्रुफं वाचतानाच मले हाक मारून वाचून दाखवलं त्यायनं. म्हणे, आइक वं, हे माहं नाही."

"मग बोलले का नाहीत मला?"

"म्हणत, पोरगी घाबरून जाईन, मंग तिचं अक्षर बिघडंन." काकू हसल्या. "आन् म्हणत, तिनं आपल्या तोंडानं सांगितलं पाहिजे. वाट पाहून राहिले होते तुही. एकदा इचारलंबी होतं म्हणे तुले, तं तू म्हटलं का बाई रडते."

त्या उठल्या, कपाटातून काकांची स्वतःची प्रत काढली आणि त्यातला घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. कोंबडीच्या पायांचं अक्षर, पण ते वाचायची सवय माझ्याइतकी कुणाला असणार! वर लिहिलं होतं, "शकूचं पान. फळ बदलणे." खाली यादी. बोर, पुढे "सोलत नाहीत." डाळिंब, "दाणे रक्तासारखे, नाटकी होते." शिंगाडा, "जमला असता, शिमग्याला मोसम नाही." लसूण, "लेकराला लसूण कोण देतो?" सगळ्यांवर काट मारलेली. ज्या माणसानं मास्तरांचं एक क्रियापद सहन केलं नाही, तो माझ्या एका फळासाठी इतका शोधत बसला होता. आणि अगदी तळाशी, उभ्या आयुष्यात लिहिताना कधी वापरली नाही त्या आपल्या घरच्या बोलीत त्यांनी लिहिलं होतं, "संत्रंच राहू दे. बाईच्या हाताले काम पाहिजे."

मी तो कागद पुन्हा वाचला. रडत होते, पण हलकं वाटत होतं. वाईट एवढंच वाटलं की चार घरं चालून जायला मला वीस वर्षं लागली.

परवा पुन्हा गेले, ती संत्री घेऊन. काकूंनी दोन ताटल्या आणल्या. मी सोलायला घेतलं तशा त्या म्हणाल्या, "थांब वं," आणि खुंटीवरचा तो धुवट पंचा काढून मेजावरच्या पानांवर पसरू लागल्या. "त्यायच्या माणसायनं संत्रं नाही पाह्यलं."

मी म्हटलं, "एकीनं पाहिलंय, काकू."

 मग पंच्याचं एक टोक काकूंनी तिच्यासाठी दुमडून ठेवलं, आणि आम्ही दोघी संत्र्यांचे दोरे काढत बसलो.