मधुमेहाच्या पावडरीची जाहिरात

“हा डॉक्टर गेल्या महिन्यात दुसऱ्या चॅनेलवर सासरा होता,” जगदाळे काका म्हणाले आणि खोलीतले सगळे हसले.

पडद्यावर मधुमेहाच्या पावडरीची जाहिरात चालू होती. दुपारी टीव्हीवर लांबच लांब चालतात आणि खाली फोन नंबर सरकत असतो, तसली. मी तेव्हा पुण्यात एका मार्केट रिसर्च कंपनीत मॉडरेटर होते. म्हणजे एखाद्या गटातल्या आठ-दहा जणांना एका खोलीत बसवायचं, चहा-बिस्किटं द्यायची आणि बोलतं करायचं. याला फोकस ग्रुप म्हणतात. खोलीच्या एका भिंतीत आरसा असतो आणि त्यामागे क्लाएंट बसतो. त्याला आतलं सगळं दिसतं, आतल्यांना तो दिसत नाही. हे आम्ही लोकांना आधीच सांगतो. चहा येईपर्यंत ते विसरलेले असतात.

या वेळचा ग्रुप ज्येष्ठ नागरिकांचा होता. जगदाळे काका भोसरीच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. बिबवेवाडीत मुलगा-सुनेकडे राहायचे. दोघंही हिंजवडीला आयटीत. काकांनी त्या दिवशी जाहिरातीची सालटी काढली. पावडर घेऊन बागेत धावत सुटलेल्या आजीबाई दिसल्यावर, यांची बस सुटतेय का, असं त्यांनी मला गंभीरपणे विचारलं. ही पावडर घ्याल का, या प्रश्नाला कोणीही हो म्हटलं नाही.

क्लाएंट कोड्यात पडला. मुंबईहून आलेला, पावडरीच्या कंपनीचा ब्रँड मॅनेजर होता, हुशार आणि अदबशीर. त्याचं म्हणणं होतं की पुण्यातून ऑर्डर तर भरपूर येतात. मग घेतं कोण?

चारचौघांत माणूस शहाण्यासारखं बोलतो, घरात वेगळं वागतो. त्यासाठी आमच्याकडे होम व्हिजिट असते. आमच्या कंपनीच्या साहेबांनी मला ग्रुपमधल्या काही जणांच्या घरी पाठवलं. पहिलं घर जगदाळे काकांचं.

दुपारची वेळ. काका एकटेच होते. त्यांनी स्वतः बिनसाखरेचा चहा केला. औषधं कुठे ठेवता, असं विचारल्यावर जरा घुटमळले आणि कपाट उघडलं. स्वेटरांच्या मागे पावडरीचे डबे.

“अहो, तुम्ही तर हसला होतात,” मी म्हटलं.

“खोटं आहे ते कळतं ना, म्हणून हसलो. पण फोन केला की माणूस दारात डबा आणून देतो. डॉक्टरकडे जायचं तर मुलाला सुट्टी टाकायला लावायची. मला एकट्याला जाऊ देत नाहीत आणि बरोबर यायला त्यांना वेळ नाही.”

गोळ्या संपल्या होत्या. नवी चिठ्ठी हवी तर तपासणी आली, म्हणून काकांनी गोळ्याच बंद केल्या होत्या. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला पट्टी होती. जखम बरेच दिवस भरत नाहीये, असं सहज सांगून गेले.

मी प्रश्नांचे कागद बाजूला ठेवले आणि आजच डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं. मधुमेहात पायाची जखम म्हणजे काय, हे माझ्या मावशीमुळे मला माहीत होतं. तुमच्या मुलाला मी फोन करू का, असंही विचारलं. आमच्या धंद्याचा नियम आहे, माणूस जे बोलतो ते त्याच्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगायचं नाही.

“तुम्ही प्रश्न विचारायला आलात,” काका म्हणाले. “विचारा.”

इतर घरांतही थोड्याफार फरकाने हेच निघालं. मी रिपोर्टमध्ये लिहिलं की या लोकांचा जाहिरातीवर विश्वास नाही, पण आपण मुलांना ओझं झालोय यावर मात्र पक्का आहे. काही जणांनी डॉक्टरची औषधं बंद केली आहेत, तेव्हा ती बंद करू नका असं जाहिरातीत ठळक सांगा, अशी शिफारसही केली.

क्लाएंटने पहिला भाग उचलला. नव्या जाहिरातीत डॉक्टर नव्हता, धावणाऱ्या आजीही नव्हत्या. मुलगा लॅपटॉपवर काम करतोय. वडील दारापर्यंत येतात, त्याला बघतात, परत फिरतात आणि हळूच फोन लावतात. मग एकच वाक्य: ‘मुलांना कशाला त्रास?’ फार सुरेख केली होती. मी साहेबांना म्हटलं, आपण म्हाताऱ्यांना आजार लपवायला शिकवतोय. साहेब म्हणाले, हे तुझं मत झालं, ग्रुपचं काय ते बघू.

म्हणून तोच ग्रुप पुन्हा बोलावला. जगदाळे काका मुलाचा हात धरून आले. एका पायात दवाखान्यातली मोठी चप्पल. ताप चढला तेव्हा घरात सगळं कळलं आणि अंगठा काढावा लागला होता. मुलगा सुट्टी टाकून आला होता. तो बाहेर बसून राहिला.

जाहिरात लावली. कोणी हसलं नाही. ग्रुपमधल्या दीक्षित बाईंनी चष्मा काढून पुसला. मी एकेकाला विचारत काकांपाशी आले.

“मागची खोटी होती, तिला आम्ही हसलो,” ते म्हणाले. “ही खरी आहे. माझ्याच घरातली आहे.” मग ते आरशाकडे वळले. “साहेब, कृपा करून ही दाखवू नका.”

मी आरशामागच्या खोलीत गेले तेव्हा ब्रँड मॅनेजर खुशीत होता. खरी वाटते, असं त्यांच्या जाहिरातीला आजवर कोणी म्हटलं नव्हतं म्हणे. दाखवू नका असंही म्हणालेत, मी म्हटलं. ते एकाचं मत आहे, तो अदबीने म्हणाला. मला संताप आला आणि मी तो बोलून दाखवला. साहेबांनी मला पाहुण्यांना निरोप द्यायला बाहेर पाठवलं.

जाहिरात लागली आणि बरीच चालली.

टीव्हीवाले म्हाताऱ्यांना फसवतात का हो, असं लोक मला अजून विचारतात. बहुतेक विचारणारे नोकरी करणारे, घाईत असलेले असतात. मी सांगते, म्हाताऱ्यांचं बोलणं मध्येच न तोडता ऐकून घ्यायला आमची कंपनी माणूस पाठवते आणि त्याचे पैसे घेते. तुम्हाला ते फुकट जमण्यासारखं आहे. आज घरी गेलात की वडिलांचे पाय बघा.