लोडरची जागा

मोटारीत माणूस कसा बसतो हे बघण्यात माझा जन्म गेला. गुडघा कुठे येतो, कोपर कशाला लागतं, ठेंगण्या बाईचा पाय ब्रेकपर्यंत नीट पोचतो का, जाड्या माणसाला पट्टा पुरतो का, असल्या प्रश्नांवर मी घर चालवलं. जर्मनीत, वोल्फ्सबुर्ग या मोटारींच्या गावापासून थोड्या अंतरावर सीटं बनवणारी एक कंपनी आहे, तिथे. मागच्या हिवाळ्यात कंपनीने जाहीर केलं की आमचं खातं बंद होणार. त्याआधी वर्षभर नुसत्या बैठका चालल्या होत्या. आज वाचेल, उद्या वाचेल, अर्धं तरी वाचेल. खरं सांगायचं तर बंद होणार हे पक्कं झालं त्या दिवशी मला वाईट वाटण्याआधी झोप आली. दुपारी घरी येऊन मी बूट न काढता सोफ्यावर आडवा झालो.

पण झोपून भागणार नव्हतं. माझं वय पन्नाशीच्या पुढचं. बायको इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, तिचं काम छान चाललेलं. मुलगी गुम्नाझिउममध्ये, म्हणजे इथल्या हायस्कुलात, आणि आबिटुअर, म्हणजे इथली बारावीची परीक्षा, दीड वर्षावर आलेली. शाळा बदलणार नाही, असं तिने आम्हाला स्वच्छ जर्मनमध्ये सांगून टाकलं होतं. तिला मराठी सगळं समजतं आणि उत्तर मात्र ती जर्मनमध्ये देते. म्हणजे मला नोकरी हवी होती, आणि ती रोज गाडीने जाऊन येण्याच्या अंतरावर हवी होती. नाहीतर माझा संसार दोन गावांत वाटला जाणार होता, आणि तेवढी ताकद आता माझ्यात उरलेली नव्हती.

त्या अंतरावर माणसं घेणारी एकच कंपनी होती. मोटारवाले माणसं कमी करत होते आणि रणगाडेवाले घेत होते. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी अर्ज केला.

बायको म्हणाली, "करायचं तर कर. मी अडवणार नाही. पण घरात त्याचं कौतुक नको हं."

मुलीने "आल्झो, पान्त्सर," म्हणजे "हं, रणगाडे तर," एवढंच म्हटलं आणि ताट उचलून ती आत गेली. पुण्याच्या थोरल्या भावाने मात्र फोनवर आनंद केला. "अरे, जर्मन रणगाडा म्हणजे काय चेष्टा आहे? नशीब काढलंस." आम्ही सगळे असेच वाढलो. जर्मन मशीन म्हटलं की हात जोडायचे. ते मशीन कुणावर चाललं हे शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत असायचं, आणि ती पानं आम्ही परीक्षेपुरती वाचायचो.

मुलाखतीचं बोलावणं आलं आणि मी अभ्यासाला बसलो. आमच्या घरात मुलाखतीला कोऱ्या डोक्याने जाणं म्हणजे पापच. वडील सांगायचे की समोरच्याच्या धंद्याची सात पिढ्यांची माहिती काढून जा. रणगाड्यांबद्दल मला काही म्हणजे काही कळत नव्हतं, म्हणून मी मागच्या महायुद्धापासून सुरुवात केली. त्यात हेट्झर नावाच्या एका बुटक्या गाडीपाशी अडकलो. ही रणगाडा नव्हे, रणगाडे फोडणारी गाडी. वर फिरणारा घुमट नाही, तोफ थेट पुढच्या भिंतीतून बाहेर आलेली. तोफ फार वळत नाही. शत्रू जरा बाजूला सरकला की अख्खी गाडीच वळवायची.

तिच्या जन्माची गोष्ट वाचताना मला आमच्याच बैठका आठवत राहिल्या. बर्लिनमधल्या मोठ्या कारखान्यावर बॉम्ब पडले, तिथे बनणारी जड गाडी अडकली. मग ती प्रागच्या कारखान्यात बनवा, असा हुकूम निघाला. प्रागवाले म्हणाले, आमच्या क्रेनला एवढं वजन उचलवणार नाही. मग त्याच कारखान्यात आधीपासून बनत असलेल्या जुन्या हलक्या रणगाड्याचे भाग घ्या, थोडी रुंदी वाढवा, वर तिरक्या पत्र्याची पेटी चढवा आणि मोठी तोफ बसवा, असं ठरलं. हिवाळ्यात आराखडा झाला आणि वसंतात गाड्या बाहेर पडायला लागल्या. असल्या घाईत काय होतं ते मला कुणी सांगायला नको. नाकापेक्षा मोती जड झाला. गाडी पुढून वाकायची. मग पुढच्या स्प्रिंगा जाड केल्या, तोफेभोवतीचं कवच हलकं केलं, म्हणजे नेहमीचं वरातीमागून घोडं.

पण मी ज्यावर थांबलो ते आतलं होतं. आत चार माणसं. चालवणारा, नेम धरणारा आणि तोफेत गोळा भरणारा, ज्याला लोडर म्हणतात, हे तिघं डाव्या बाजूला एकामागे एक कोंबलेले. कमांडर मागे उजव्या कोपऱ्यात एकटाच. उजवीकडचं बाहेरचं जवळजवळ कुणालाच दिसायचं नाही. आणि तोफ बनवलेली होती उजवीकडून भरायची, पण लोडर बसवला डावीकडे. म्हणजे त्या बिचाऱ्याने दर गोळ्याला तोफेच्या मागच्या अंगावरून वाकून पलीकडे हात न्यायचा. छतावर एक मशीनगन होती, ती आतून चालवता यायची, पण गोळ्या संपल्या की भरायला डोकं बाहेर काढावं लागायचं. हे वाचून मला इतका संताप आला की मी कागद घेऊन त्याच्या खांद्याची रेघ काढून बघितली. नोकरी गेलेला माणूस, युद्ध केव्हाचं संपलेलं, आणि मी त्या लोडरला बसायला जागा शोधत होतो.

एका रविवारी बायकोला घेऊन मी उत्तरेकडच्या माळरानावरच्या रणगाड्यांच्या संग्रहालयात गेलो. ती म्हणाली, "मी कॉफी पिते, तू बघून ये." गाडी माझ्या डोक्यापेक्षा जराशीच उंच दिसली, कल्पनेपेक्षा लहान. आत जाऊ देत नाहीत. बाजूचा पत्रा इतका पातळ, की पुढून वाघ आणि बाजूने शेळी. म्हणूनच ती झुडपात लपून वाट बघायची, पहिला गोळा मारायची आणि मागे सरकायची. पायदळाच्या तुकड्यांना ती दिली गेली, पूर्वेला आणि पश्चिमेला दोन्हीकडे लढली, आणि लपून लढली तेव्हा भारी पडली. शेवटी शेवटी पेट्रोल नाही, सुटे भाग नाहीत, म्हणून कित्येक गाड्या रस्त्याच्या कडेला सोडून माणसं पायी निघाली. युद्ध संपल्यावर चेक लोकांनी त्याच गाड्या पुन्हा बनवून स्वित्झर्लंडला विकल्या, आणि तिथे त्या कुणावर गोळा न झाडता म्हाताऱ्या झाल्या. हे शेवटचं वाचून मला बरं वाटलं. पेन्शनीत गेलेलं माणूस बघावं तसं.

मुलाखतीला समोर दोघं होते. एक पर्सोनालची, म्हणजे माणसं नेमणाऱ्या खात्याची बाई, आणि एक निवृत्तीला आलेला मुख्य इंजिनिअर. बाईने विचारलं, तुम्ही मोटारीतले, इथे काय भर घालाल? मी जय्यत तयारी केलेली. मी हेट्झर काढली. प्रागचा कारखाना, क्रेन, जाड केलेल्या स्प्रिंगा, वाकणारा लोडर, सगळं सांगितलं. वर कौतुकाने असंही म्हणालो की इतक्या कमी वेळात अशी गाडी काढणं तुम्हा लोकांनाच जमलं.

बाईने पेन खाली ठेवलं. दोघंही माझ्याकडे बघत नव्हते. मग ती अगदी सभ्यपणे म्हणाली, "त्या काळाचा आम्ही इथे वारसा म्हणून उल्लेख करत नाही."

माझे कान तापले. या देशात इतकी वर्षं काढून मला एवढं कळू नये? इथल्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांकडे चहा प्यायलो, त्यांच्या वडिलांनी युद्धात काय केलं हा विषय निघाला की खोली कशी गप्प होते ते बघितलं, आणि तरीही भावाच्या त्या फोनवरच्या सुरात बोलून बसलो. संपलं, असं मी धरून चाललो. आश्चर्य म्हणजे मला हलकंच वाटलं. आता घरी जाऊन झोपता येईल.

तेवढ्यात इंजिनिअरने विचारलं, "तुम्ही त्या लोडरला कुठे बसवलं असतं?"

"त्याला हलवायला जागाच नव्हती," मी म्हणालो. "मी तोफ डावीकडून भरता येईल अशी करून मागितली असती. आणि वेळ नाही म्हणून वरून नकार आला असता."

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला. "आमच्याकडे नकार अजून तसाच येतो."

आठवड्याने होकार आला. मला आनंद व्हायला हवा होता. मी बायकोला सांगितलं, तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. जेवताना मुलीला सांगितलं. तिची शाळा राहिली, तिच्या मैत्रिणी राहिल्या, हे तिला कळलं असणार. मला मात्र तिच्याकडून आणखी काहीतरी हवं होतं. म्हणून मी समजावायला लागलो. माझं काम फक्त आतलं आहे गं. आतल्या माणसाची पाठ मोडू नये, डोकं आपटू नये, गरज पडली तर त्याला पटकन बाहेर पडता यावं, एवढंच. त्या हेट्झरमधल्या लोडरची गोष्टही सांगितली. वरणभात कालवता कालवता ती शांतपणे ऐकत होती.

मग तिने जर्मनमध्ये विचारलं, "हे चौघं ज्या गाडीवर गोळा मारायचे, तिच्यात किती माणसं बसायची?"

"पाच," मी म्हणालो. पूर्वेला हेट्झरसमोर जो रशियन रणगाडा यायचा, त्यात बहुतेक वेळा पाच असायची. ते मला पाठ होतं.

"आणि ती कशी बसायची?"

मला माहीत नव्हतं. इतके दिवस मी अभ्यास केला, त्या गाडीचं कवच किती जाड आणि किती लांबून फुटतं तेही वाचलं, पण तिच्या आतल्या माणसांचे गुडघे कुठे येत असतील हे बघायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. आयुष्यभर दुसरं काही केलं नाही, आणि हेच सुचलं नाही. मला मुलीसमोर लाज वाटली. आणि त्या लाजेचं काही करावं एवढाही जोर माझ्यात नव्हता.

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली. रागावली नव्हती. तिने आईकडे लोणचं मागितलं, जर्मनमध्येच.

सोमवारी मी करारावर सही केली.