बालरोगशास्त्राच्या दोन आवृत्त्या

मी पुस्तकं विकतो. डॉक्टर, इंजिनियर, वकील आणि प्राध्यापक यांना कामासाठी लागतात ती. बी.कॉम. झाल्यावर एका वितरकाकडे लागलो आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंतची कॉलेजं, दवाखाने, ऑफिसं माझ्या वाट्याला आली. बॅगेत एकाच वेळी पाया खणण्याआधी माती कशी तपासावी हे सांगणारं पुस्तक असायचं, करकायद्याचं असायचं, हाडांच्या शस्त्रक्रियांचं असायचं आणि खेड्यांतल्या जमीनवाटपावरचं समाजशास्त्राचं असायचं. यातलं मला काहीच कळत नसे. मला लागायची फक्त प्रस्तावना, अनुक्रमणिका आणि मागच्या कव्हरवरचा मजकूर. तेवढ्यावर मी पंधरा मिनिटं बोलू शकायचो. ‘नवी आवृत्ती आली आहे, जुनी आता काढून टाका,’ हे वाक्य तर मी इतक्या वेळा बोललो असेन की ते बोलताना मला विचारच करावा लागत नसे.

पुढे मुलं फोनवर वाचायला लागली, कॉलेजांच्या मागण्या आटल्या आणि वितरकाने दुकान आवरलं. मी आपला ओळखीच्या गिऱ्हाइकांवर स्वतःचं थोडंफार चालू ठेवलं.

डोंबिवली पूर्वेला माझी दोन खोल्यांची जागा आहे. लग्न राहूनच गेलं. आई गेल्यापासून मी एकटाच असतो. कामाच्या दिवशी मी पुष्कळ बोलतो, पण ते सगळं पुस्तकांबद्दल. पुस्तकवाल्याला कोणी त्याच्याबद्दल काही विचारत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. रविवारी मात्र दुपार उलटेपर्यंत तोंडून शब्द निघालेला नसतो. मग कुणाचा तरी चुकून फोन येतो आणि ‘राँग नंबर’ म्हणताना माझाच आवाज मला घोगरा ऐकू येतो.

ठाण्याच्या नौपाड्यात एक डॉक्टरबाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. मुलांच्या डॉक्टर. खाली दवाखाना, वर दुसऱ्या मजल्यावर घर. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बालरोगशास्त्राच्या एका जाडजूड इंग्रजी पाठ्यपुस्तकाची प्रत्येक नवी आवृत्ती त्या माझ्याकडून घ्यायच्या. दवाखाना बंद केला तरी घेत राहिल्या. माझं ते ठरलेलं वाक्य ऐकूनही त्यांनी जुनी आवृत्ती कधी काढून टाकली नाही. भिंतीला लागून एक कपाट होतं, त्यात सगळ्या आवृत्त्या ओळीने उभ्या. सुरुवातीच्या आवृत्त्यांच्या पाठीवरची सोनेरी अक्षरं पुसून गेलेली.

“यात नवीन काय आहे?” त्या दर वेळी विचारायच्या.

मी प्रस्तावना उघडून दाखवायचो. सर्व प्रकरणं नव्याने तपासली आहेत, अमुक इतकी नवी चित्रं घातली आहेत, असं त्यात असायचं. त्या ऐकून घ्यायच्या. एकदा त्या म्हणाल्या की एवढ्या वर्षांत एकाही प्रस्तावनेत ‘आमचं आधी चुकलं होतं’ असं त्यांनी वाचलेलं नाही. मी हसलो. मला वाटलं, त्या गंमत करतायत.

मग त्यांची नजर कमी होत गेली. समोरचा माणूस कडेकडेने दिसायचा, पण मधोमध नुसता डाग. वाचणं संपलं. त्या वर्षी मी नवी आवृत्ती घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ती घेतली, मांडीवर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला आणि मला विचारलं, की आठवड्यातून एखादी दुपार मोकळी असते का. मी गुरुवार म्हणालो. खरं तर माझ्या सगळ्याच दुपारी मोकळ्या होत्या.

असं ते वाचन सुरू झालं. मी मोठ्याने वाचायचो, त्या डोळे मिटून ऐकायच्या. रोगांची, औषधांची नावं माझ्या तोंडी वेडीवाकडी व्हायची, आणि त्या मान वर न करता दुरुस्त करायच्या. मध्येच म्हणायच्या, “थांबा. आता याच्या आधीच्या आवृत्तीत हेच काढा.” मी कपाटातून तो खंड काढायचो, प्रकरण शोधायचो, वाचायचो. दोन्हींत काय फरक आहे ते त्या मनात कुठेतरी नोंदवून ठेवत असाव्यात. माझ्यासाठी त्या स्वतः चहा करायच्या, ओट्याची कडा चाचपत. मी उठलो की म्हणायच्या, “बसा, मला जमतं.” कधी आई कशी गेली ते विचारायच्या, कधी मी रात्रीचं जेवण काय करतो ते. दोन वर्षं हे चाललं. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस मी कसे काढायचो ते मला नीटसं आठवत नाही, पण गुरुवार सगळे आठवतात.

एका गुरुवारी त्यांनी खूप मागची, त्यांच्या सुरुवातीच्या काळातली आवृत्ती काढायला सांगितली. कुठलं प्रकरण, त्यातला कुठला भाग, सगळं त्यांना पाठ होतं. मुलांच्या तापावर द्यायच्या एका साध्या गोळीबद्दलचा तो परिच्छेद होता. किती वजनाला किती, दिवसातून किती वेळा. मी वाचलं. मग त्यांनी त्यानंतरची एक आवृत्ती मागितली. तिथे लिहिलं होतं की कांजिण्यांसारख्या तापात मुलांना ही गोळी देऊ नये, क्वचित एखाद्या मुलाच्या मेंदूवर आणि यकृतावर जीवघेणा परिणाम होऊ शकतो. मी तेही वाचलं. मी विचारलं, पुढे वाचू का. त्या म्हणाल्या, नको.

मग त्यांनी सांगितलं. दवाखाना नवा होता तेव्हा ठाण्याच्या कडेच्या बाळकुम गावातून एक ख्रिस्ती शेतकरी कुटुंब यायचं. त्यांची मुलगी पाच वर्षांची. तिला कांजिण्या आल्या. फोड सुकत आले तरी ताप होता, म्हणून बाईंनी ती गोळी लिहून दिली. दोन-तीन दिवसांनी तिला उलट्या सुरू झाल्या, मग झोप यायला लागली, मग ती झोपेतून उठेना. त्या स्वतः तिच्याबरोबर मोठ्या हॉस्पिटलात गेल्या. तिसऱ्या दिवशी मुलगी गेली. काय झालं ते कुणालाच धड सांगता आलं नाही. पुढे काही वर्षांनी ही दुसरी आवृत्ती आली आणि त्यांनी ते वाक्य वाचलं.

“त्या गोळीनेच झालं असं सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. “आणि नाही असंही नाही सांगता येत. मी पुस्तकात होतं तसंच केलं होतं.”

मी विचारलं, घरच्यांना कधी सांगितलंत का. त्यांनी मान हलवली. डोळे होते तोवर त्या वर्षातून एकदोनदा ती दोन्ही पानं काढून वाचायच्या. वाचलं की परत कपाटात. “आज तुमच्या आवाजात ऐकलं,” त्या म्हणाल्या, “तेव्हा ते माझ्या एकटीचं राहिलं नाही असं वाटलं.”

त्यानंतर तीन गुरुवार आम्ही दुसरंच काही वाचलं. चौथ्या गुरुवारी मी गेलो तर त्या साडी नेसून, चपला घालून बसलेल्या. म्हणाल्या, बाळकुमला जायचंय.

आम्ही रिक्षा केली. बाईंना आठवत होती भातशेती, विहीर आणि विहिरीपलीकडचं कौलारू घर. मला दिसत होते बावीस-बावीस मजल्यांचे टॉवर आणि त्यांच्या गेटवरचे सिक्युरिटीवाले. मी जे दिसतं ते सांगत होतो आणि त्या ‘मग आता डावीकडे असेल’ असं म्हणत होत्या, आणि काहीच जुळत नव्हतं. शेवटी टॉवरच्या मागे जुनं गाव सापडलं. अरुंद गल्ली, क्रूसाला झेंडूचा हार, बाजूला सुकत टाकलेली जाळी. तिथे एका म्हाताऱ्याला विचारलं. कांजिण्यांनी मुलगी गेलेलं घर म्हटल्यावर त्याने लगेच हात दाखवला. इतक्या वर्षांनी गाव ते घर अजून तसंच ओळखत होतं.

मुलीची आई दारातच बसली होती. पंच्याहत्तरीची असेल. नवरा वारलेला, मुलगा मागच्या टॉवरमध्ये राहायला गेलेला. तिने बाईंना ओळखलं. उठून हाताला धरून आत नेलं, खुर्ची दिली, माझ्यासाठी स्टूल ओढलं. डोळ्यांना काय झालं म्हणून चौकशी केली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग सरळ विषयाला हात घातला. काही लपवलं नाही, स्वतःला सावरूनही घेतलं नाही. मला तोपर्यंत वाटत होतं की ऐनवेळी त्या मलाच काहीतरी वाचायला सांगतील. पण सगळं त्याच बोलल्या.

त्या आईने दार लोटून घेतलं. मग म्हणाली, “मना वाटलेलं, मी तिला आंघोळ घातली म्हणून. फोड सुकले नव्हते, सासू नको म्हणत व्हती. मी घातली.”

“आंघोळीने काही होत नाही,” बाई म्हणाल्या.

“हां. ते आता कळलं.” तिने पदराने तोंड पुसलं. “तुमाला कधी कळलं, डॉक्टर?”

बाईंनी साल सांगितलं. त्या आईने मनात हिशेब केलेला मला दिसला.

“तवा माझी सासू जित्ती व्हती,” ती म्हणाली. “मरेपर्यंत तिनं मना त्या आंघोळीचं ऐकवलं. तवा का नाय आलात?”

बाई म्हणाल्या, “घाबरले.” तेवढंच. आई उठली आणि आतल्या खोलीत गेली. आम्ही थांबलो. ती बाहेर आली नाही. निघताना मी एका कागदावर माझा नंबर लिहून स्टुलावर ठेवला. का ठेवला ते मला माहीत नाही, नंबर ठेवणं ही माझी धंद्यातली सवय. परत येताना कापूरबावडीला ट्रॅफिकमध्ये आम्ही पाऊण तास अडकलो.

पुढच्या बुधवारी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, आता वाचायला यायची गरज नाही. मी म्हटलं, बरं. वाचायचं नसेल तर नुसता येऊन बसतो, असं म्हणायचं मनात होतं, पण तसं म्हणायला आमची ओळख पुस्तकांचीच होती. गुरुवारी दुपारी मी डोंबिवलीत घरीच बसलो. बूट घालून पुन्हा काढले.

महिन्याभराने बाळकुमहून फोन आला. ती आई म्हणाली, त्या पुस्तकात काय लिवलंय ते मना ऐकायचंय. मराठीत सांगशील का?

मी नौपाड्याला गेलो. दार उघडल्यावर बाईंना मी का आलोय ते सांगितलं. त्या बाजूला झाल्या. मी दोन्ही खंड काढून पिशवीत घातले. त्यांनी बसा म्हटलं नाही आणि मीही बसलो नाही.

इतकी वर्षं पुस्तकं विकली, पण एखाद्या पुस्तकातलं एक वाक्य समजावं म्हणून मी रात्रभर शब्दकोश घेऊन बसलो ते तेव्हाच पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी स्टुलावर बसून आधी जुना परिच्छेद सांगितला, मग नवा. कठीण शब्द आला की दोन साध्या वाक्यांत फोडून सांगितला. तिने विचारलं, ‘क्वचित’ म्हणजे किती? मी म्हटलं, फार थोड्या मुलांना, हजारोंत एखाद्याला. तिने तो पुस्तकाचा कागद बोटाने चाचपून पाहिला.

“ती एखादी म्हणजे माझी,” ती म्हणाली.

मग तिने पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. मग ती आत जाऊन माझ्यासाठी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आली आणि मी जेवत असताना मुलीबद्दल बोलली. ती डावखुरी होती. विहिरीत वाकून स्वतःचं नाव ओरडायची. ‘डॉक्टरांना सांग, मी रागावले हाय,’ आई शेवटी म्हणाली. ‘पण आलेल्या, ते पण लक्षात हाय.’

मी खंड परत करायला गेलो तेव्हा बाईंना निरोप शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी ऐकला. थोड्या वेळाने विचारलं, “भाषांतर बरोबर केलंत ना?”

“केलं,” मी म्हणालो. “‘यकृत’ला ‘काळीज’ म्हणालो. तिला तो शब्द कळत होता.”

“चालेल,” त्या म्हणाल्या.

त्यांनी मला परत बोलावलं नाही. तीन-चार महिन्यांनी मी आपणहून गेलो तर शेजारच्यांनी सांगितलं की पुतण्या त्यांना पुण्याला घेऊन गेला, तिथे त्यांची नीट देखभाल होते. पुण्याचा पत्ता किंवा फोन शेजाऱ्यांकडे नव्हता. पुतण्याने घर विकायला काढलंय, असंही ते म्हणाले.

माझं काम आता जवळजवळ थांबलंय. एक-दोन वकील आणि भिवंडीकडचं एक इंजिनियरिंग कॉलेज तेवढं उरलंय. मागच्या महिन्यात कॉलेजच्या ग्रंथपालांना मी काँक्रीटवरच्या एका पुस्तकाची नवी आवृत्ती दाखवली. जुनीचं काय करू, त्यांनी विचारलं. कपाटात जागा नाही म्हणाले. माझं नेहमीचं उत्तर तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हटलं, ते तुम्ही ठरवा. त्यांनी नव्या आवृत्तीची पावती केली, मी सही घेतली आणि बाहेर येऊन स्टॉपवर उभा राहिलो. बस यायला वेळ होता. स्टॉपवर आणखी कोणी नव्हतं.