पाचव्या बांधावरचे अठरा खुंट

काळूरामच्या दिपालीने एखादं काम एकदाच बघून सोडलं, असं मी पाहिलेलं नाही. गॅस बंद केला तरी परत जाऊन बघते. अलिबागला बी.एस्सी. झाली, आता एका कंपनीचं आकड्यांचं काम घरून करते. गावच्या बांधांची मोजणी तिने स्वतःहून अंगावर घेतली.

आमची भातशेती भरतीच्या पातळीखाली आहे. पाच बांध खाडी अडवतात. एक फुटला तर खारं पाणी शिरतं आणि त्या जमिनीत तीन वर्षं भात होत नाही. मी बत्तीस वर्षं या बांधांवर माती टाकली. बांध आधी पाझरतो, मग फुटतो.

पाझर कळावा म्हणून प्रत्येक बांधावर चाळीस खुंट आहेत. खुंटापाशी शेताच्या बाजूला हातभर खड्डा. भरती ओसरली की खड्ड्यात किती बोटं पाणी चढलं ते मोजायचं. यंदा वैशाखात पुनवेच्या उधाणाला आठ दिवस मोजलं. सोळाशे आकडे झाले.

दिपालीने ते संगणकात ठोकळ्यासारखे रचले. एका दिशेला बांध, दुसऱ्या दिशेला खुंट, तिसऱ्या दिशेला दिवस. मग अख्ख्या ठोकळ्याला एका ओळीत विचारलं: शून्य नाही अशा जागा कुठल्या? उत्तरात तीन रांगा आल्या. बांधांची, खुंटांची, दिवसांची. तिन्ही रांगांतला पहिला आकडा एकत्र वाचला की पहिली ओली जागा, दुसरा वाचला की दुसरी. संगणक शून्यापासून मोजतो, म्हणून तिने प्रत्येकात एक मिळवला.

हे कष्ट चुकवणं आहे, असं मी तिला तोंडावर म्हणालो.

"काका, शोधायचे कष्ट वाचले," ती म्हणाली. "तपासायचे न्हाय वाचले."

अमावास्येच्या आदल्या सकाळी समाजमंदिरात तिने यादी वाचली. सगळ्यात जास्त ओल्या जागा दुसऱ्या बांधावर होत्या. माती दोन ट्रॅक्टर, माणसं चौदा. ट्रॅक्टर केतनचा. सगळी माती दुसऱ्यावर टाकायची, असं त्याने ठरवून टाकलं. पाचव्या बांधाचे खुंट यादीत सगळ्यात कमी होते.

"पाचवा काळूरामदादा मोजतो ना," केतन म्हणाला. "पाणीपण विचारून येत असेल त्याला."

माणसं हसली. दिपाली हसली नाही. तिने तिथेच संगणकात दुसरी ओळ लिहिली: आठही दिवस शून्य असलेले खुंट कुठले? इतर बांधांवर ते सुटे सुटे निघाले. पाचव्यावर तेवीस ते चाळीस, सलग अठरा.

तिने मला विचारलं, बांध असा कोरडा असतो का. मी सांगितलं, उधाणात सलग पाच खुंटसुद्धा कोरडे मी पाहिलेले नाहीत.

तिचा चेहरा उतरला. आमच्याकडे कोरडा खड्डा कोणी लिहीत नाही, रकाना मोकळा सोडतात. आणि तिने आकडे भरण्याआधी सगळा ठोकळा शून्यांनी भरून ठेवला होता. कोरडा खड्डा आणि कोणी न पाहिलेला खड्डा, दोन्ही शून्यच राहिले. दोन्ही यादीतून गळाले. चूक माझी, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. मग बापाकडे वळली.

"बाबा, तुम्ही तेवीसच्या पुढं गेलेलात?"

काळूराम चपलांकडे बघत राहिला. तिथून पुढे तिवरांचा चिखल मांडीपर्यंत येतो, आणि त्याचा गुडघा गेलेला.

"न्हाय," तो म्हणाला. "बावीसवरून परत फिरलो."

केतनने बाहेर जाऊन निघायच्या तयारीत चालू ठेवलेला ट्रॅक्टर बंद केला.

दिपालीने त्या अठरा जागी शून्य काढून उणे एक घातलं, म्हणजे न पाहिलेला खड्डा कोरड्यापासून वेगळा दिसेल. बाकीच्या मोजणाऱ्यांना एकेक करून विचारलं. ते सगळे शेवटपर्यंत गेले होते. मग ती, मी आणि केतन फावडी घेऊन चिखलात उतरलो. खड्डे गाळाने बुजले होते. दुपारच्या भरतीआधी तेहेतीसपर्यंतचे अकरा उपसून झाले. सात राहिले.

भरती ओसरल्यावर मोजलं. तीसपर्यंत एक-दोन बोटं. एकतिसाव्यात नऊ, आणि पाणी गढूळ. गढूळ पाणी बांधाची माती घेऊन येतं. खेकड्याचं बीळ आरपार गेलं होतं. एक ट्रॅक्टर माती तिकडे वळवली. दिवस मावळेपर्यंत चौदा माणसं ती घमेल्याने वाहून नेत होती, कारण चिखलात ट्रॅक्टर जात नाही.

उरलेले सात खड्डे तिने अमावास्येला सकाळी उपसले. दुपारी खाडी बांधाच्या माथ्याखाली वीतभर राहिली. पाणी उतरू लागलं तसं एकतिसाव्यात दोन बोटं निघाली, स्वच्छ. माणसं बसली. दिपाली बसली नाही. ती चौतीसकडे निघाली होती. काळूराम काठी टेकत बांधाच्या माथ्यावरून तिच्याबरोबर चालला, हातात कागद. ती खालून आकडा सांगायची, तो लिहायचा. एक. तीन. दोन. पाणी स्वच्छ आहे का, हे तो प्रत्येक वेळी विचारायचा.

चाळिसाव्यात तिने हात घातला आणि बराच वेळ काढला नाही.

"शून्य," ती म्हणाली. "लिहा बाबा."

त्याने लिहिलं.